विरघळलेला ऑक्सिजन सेन्सरने मोजताना: प्रोबची निवड, कॅलिब्रेशन आणि चुकीचं रीडिंग ओळखण्याची पद्धत

डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) मीटरच्या डिस्प्लेवर ७.२ मिग्रॅ/लिटर असा आकडा उमटतो, पण तो मोजलेला नसतो. तो हिशेब करून काढलेला असतो. पाण्यातल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब किती, एवढंच प्रोबला कळतं. त्यात पाण्याचं तापमान आणि क्षारता मिळवून मीटर मिग्रॅ/लिटरचा आकडा तयार करतो, आणि हवेचा दाब कॅलिब्रेशनच्या (माहीत असलेल्या मूल्याशी मीटर जुळवून घेण्याच्या) वेळी त्यात शिरलेला असतो. म्हणून रीडिंग चुकलं की लगेच प्रोबला दोष देऊ नये. अनेकदा प्रोब ठणठणीत असतो आणि चूक या तीन आकड्यांपैकी एकात असते.

मापनाची पातळी लक्षात यावी म्हणून काही आकडे पाठच करून ठेवावेत. समुद्रसपाटीच्या दाबाला, म्हणजे ७६० मिमी पाऱ्याला, हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात ० अंश सेल्सिअसला १४.६ मिग्रॅ/लिटर ऑक्सिजन मावतो. १० अंशांना ११.३, २० अंशांना ९.१, २५ अंशांना ८.२६, ३० अंशांना ७.५६ आणि ३५ अंशांना ६.९५. तीस अंशांच्या संथ, सावलीतल्या स्वच्छ पाण्यात मीटर ९.५ दाखवत असेल तर तपासणी तिथूनच सुरू करायची. उन्हात शेवाळ जोरात काम करत असेल तर असा आकडा खराही असू शकतो. त्याबद्दल पुढे येईलच.

तीन प्रकारचे सेन्सर

पोलरोग्राफिक प्रोबचं मूळ रूप लेलँड क्लार्क यांनी १९५६ मध्ये मांडलं, म्हणून त्याला क्लार्क सेल म्हणतात. सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा कॅथोड, चांदीचा ॲनोड, मध्ये पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण आणि समोर टेफ्लॉन किंवा पॉलिइथिलीनचं अगदी पातळ, साधारण २५ मायक्रॉन जाडीचं मेम्ब्रेन. मीटर या जोडीला सुमारे ०.८ व्होल्ट देतो. मेम्ब्रेनमधून आत आलेला ऑक्सिजन कॅथोडवर खर्ची पडतो आणि त्या प्रमाणात सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. ॲनोडवर सिल्व्हर क्लोराईड साचत जातं आणि द्रावणातलं क्लोराईड कमी होत जातं, म्हणून द्रावण ठरावीक काळाने बदलावंच लागतं. मीटर चालू केल्यावर इलेक्ट्रोड स्थिर व्हायला वेळ लागतो. साधारण १० ते १५ मिनिटं धरावीत.

गॅल्व्हॅनिक प्रोबला बाहेरचा व्होल्टेज लागत नाही. चांदीचा कॅथोड आणि जस्ताचा किंवा शिशाचा ॲनोड घेतला की ती जोडीच एक छोटी बॅटरी होते. हातात घेतल्याबरोबर रीडिंग घेता येतं, ही मोठी सोय. मात्र मीटर बंद असला तरी ॲनोड झिजतच राहतो, कारण ऑक्सिजन आत येणं थांबत नाही. कपाटात पडून राहिलेला गॅल्व्हॅनिक प्रोब वर्षभराने 'नवा' राहिलेला नसतो.

ऑप्टिकल सेन्सरची तऱ्हा निराळी. टोकावरच्या कॅपमध्ये एका पॉलिमरच्या थरात रुथेनियमचं संयुग किंवा प्लॅटिनम पोर्फिरिन यांसारखं चमकणारं रंगद्रव्य असतं. त्यावर निळा प्रकाश पडला (काही बनावटींत तांबडा) की ते जास्त लांबीच्या लहरींचा प्रकाश परत फेकतं. ऑक्सिजनचे रेणू ही चमक विझवतात, म्हणून ऑक्सिजन जितका जास्त तितकी ती लवकर मावळते. चमक टिकण्याचा हा काळ मायक्रोसेकंदांत असतो. तो थेट न मोजता बहुतेक सेन्सर लुकलुकता प्रकाश पाठवून परतीचा प्रकाश किती मागे पडतो, म्हणजे त्याची कला किती सरकते, ते पाहतात. प्रकाशाची तीव्रता मोजली जात नसल्यामुळे रंगद्रव्य थोडं फिकं झालं तरी रीडिंग लगेच ढळत नाही. ऑक्सिजन आणि चमकेचा काळ यांचं नातं ऑटो स्टर्न आणि मॅक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये मांडलेल्या समीकरणावर बसतं. त्यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: हा सेन्सर कमी ऑक्सिजनला सर्वांत तीक्ष्ण असतो आणि अतिसंपृक्त, म्हणजे मावतो त्याहून जास्त ऑक्सिजन असलेल्या पाण्यात त्याची अचूकता उतरते.

निवड करताना आमचा कल सरळ आहे. प्रोब महिनोन्‌महिने पाण्यात राहणार असेल, पाणी संथ असेल किंवा त्यात हायड्रोजन सल्फाईड असेल, तर ऑप्टिकल घ्यावा. मेम्ब्रेनचे दोन्ही प्रकार स्वतः ऑक्सिजन खातात, म्हणून त्यांना समोरून वाहतं पाणी लागतं, आणि सल्फाईडने चांदी काळी पडते. स्वतः सर्किट बांधायचं असेल आणि खर्च कमी ठेवायचा असेल तर गॅल्व्हॅनिक सोयीचा. पोलरोग्राफिक प्रोब हाताशी असेल आणि तो सांभाळण्याची शिस्त असेल तर तो आजही उत्तम काम देतो. कमी खर्चात मेम्ब्रेन बदलता येतं आणि पातळ मेम्ब्रेनला प्रतिसादही लवकर मिळतो. बॉयलरच्या पाण्यातला अब्जांशांतला ऑक्सिजन मात्र यांतल्या कुठल्याही साध्या प्रोबने मोजू नये. त्यासाठी वेगळे बंदिस्त प्रवाहाचे सेन्सर असतात.

तापमान, दाब, क्षारता

कॅलिब्रेशनच्या आधी या तिघांचा हिशेब मिटवायचा.

तापमानाची चूक दोन बाजूंनी येते. एक तर पाण्यात किती ऑक्सिजन मावतो हे तापमानावर ठरतं. २५ अंशांच्या आसपास १ अंशाची चूक म्हणजे जवळपास २ टक्क्यांचा फरक. दुसरं, मेम्ब्रेनमधून ऑक्सिजन किती झिरपतो तेही तापमानावर ठरतं, आणि तो फरक दर अंशाला ३ ते ४ टक्क्यांपर्यंत असतो. दोन्ही दुरुस्त्या प्रोबमधल्या थर्मिस्टरच्या (तापमान मोजणाऱ्या भागाच्या) आकड्यावर उभ्या आहेत. म्हणून दर काही महिन्यांनी खात्रीच्या थर्मामीटरशी त्याची तुलना करावी. एका बादलीत दोन्ही ठेवून, पाणी ढवळत, दोन वेगवेगळ्या तापमानांना ती घ्यावी. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर ऑक्सिजनचं कॅलिब्रेशन करण्यात अर्थ नाही.

दाबाच्या बाबतीत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे हवामानाच्या बातमीतला दाब मीटरमध्ये भरणं. तो दाब समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो, आपल्या जागेचा नसतो. समुद्रसपाटीजवळ उंची १०० मीटरने वाढली की दाब साधारण ९ मिमी पाऱ्याने उतरतो. १००० मीटर उंचीवर तो ६७४ मिमीच्या आसपास असतो. तिथे कोणी मीटरला ७६० सांगून कॅलिब्रेशन केलं तर नंतरचं प्रत्येक रीडिंग सुमारे १३ टक्के जास्त येईल, आणि मीटर एका शब्दाने तक्रार करणार नाही. मीटरमध्ये स्वतःचा बॅरोमीटर असेल तर उत्तमच, तरी वर्षातून एकदा तोही पडताळावा. आकडा हेक्टोपास्कलमध्ये असेल तर १०१३ म्हणजे ७६० मिमी हे लक्षात ठेवलं की पुरे.

मावू शकणाऱ्या ऑक्सिजनपैकी किती टक्के आहे, त्या टक्केवारीला क्षारता हात लावत नाही, मिग्रॅ/लिटरला लावते. २५ अंशांना गोड्या पाण्यात ८.२६ मावतो, तर दर हजारी ३५ भाग क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७५. मीटरमध्ये क्षारता शून्य ठेवून समुद्राचं पाणी मोजलं तर आकडा २२ टक्के फुगतो. खाडी, मचूळ तळी, कोळंबीची तळी इथे क्षारता आधी मोजायची आणि मगच मीटरला द्यायची. भरती-ओहोटीच्या पाण्यात ती दिवसातून अनेकदा बदलते, म्हणून तिथे टक्केवारी, तापमान आणि क्षारता तिन्ही नोंदवून ठेवावं. मिग्रॅ/लिटर नंतर केव्हाही काढता येतं.

मेम्ब्रेन आणि द्रावण बदलणं

पोलरोग्राफिक आणि गॅल्व्हॅनिक प्रोबची निम्मी अचूकता इथे ठरते. घाई करू नये.

१. मीटर बंद करून जुनी कॅप (मेम्ब्रेन बसवलेलं टोपण) काढा, द्रावण टाकून द्या आणि इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुवा. काही गॅल्व्हॅनिक प्रोबमध्ये सोडियम हायड्रॉक्साईडचं द्रावण असतं. त्यासाठी हातमोजे आणि चष्मा हवाच.

२. भिंगातून कॅथोड पाहा. सोनं लख्ख पिवळं दिसलं पाहिजे. त्यावर करडी, चंदेरी झाक असेल तर ॲनोडची चांदी तिथे येऊन बसली आहे. प्रोबबरोबर आलेल्या बारीक पॉलिश कागदाने, ओलं करून, दोन-तीन हलके फेरे द्या. चकाकी आणण्याची गरज नाही, थर गेला की थांबा. चांदीचा ॲनोड काळा पडला असेल तर तो ३ टक्के अमोनियाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचा आणि नंतर भरपूर धुवायचा. अमोनियाचा अंश राहिला तर नवं द्रावणही वाया जातं.

३. नव्या कॅपमध्ये द्रावण अर्ध्यापेक्षा थोडं जास्त भरा आणि कॅपच्या कडेला नखाने टिचक्या मारा. तळाशी, म्हणजे मेम्ब्रेनच्या आतल्या बाजूला चिकटलेले बारीक बुडबुडे सुटून वर येतात. हे पाऊल वगळलं जातं आणि मग आठवडाभर रीडिंग का डळमळतं ते कळत नाही.

४. प्रोबचं टोक खाली धरून कॅप हळूहळू फिरवत बसवा. जादा द्रावण बाहेर ओघळू द्या. ते ओघळलं नाही तर आत हवा राहिली असं समजावं.

५. उजेडात तिरपं धरून पाहा. मेम्ब्रेनवर सुरकुती नको, आत बुडबुडा नको. मेम्ब्रेनला बोट लावायचं नाही. त्वचेचं तेल ऑक्सिजनची वाट अडवतं.

६. मीटर चालू करून प्रोब ओलसर हवेत ठेवा. पोलरोग्राफिक प्रोबचं रीडिंग सुरुवातीला वाटेल तेवढं वर असतं आणि हळूहळू उतरतं. नवं मेम्ब्रेन पुढचे काही तास ताणून जागी बसत असतं. शक्य असेल तर कॅप आदल्या संध्याकाळी बदलावी आणि पक्कं कॅलिब्रेशन सकाळी करावं.

ऑप्टिकल कॅप बदलणं यामानाने सोपं. खिडकी मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसायची, ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, आणि कॅप घट्ट. कॅप आणि खिडकी यांच्यामध्ये पाण्याचा थेंब राहता कामा नये. एक गोष्ट मात्र विसरू नये: अनेक कंपन्या प्रत्येक कॅपबरोबर तिचे गुणांक देतात. ते मीटरमध्ये भरावे लागतात किंवा कॅपमधल्या चिपवरून वाचले जातात. जुन्या गुणांकांवर नवी कॅप चालवली तर संपृक्त बिंदूला, म्हणजे हवेशी समतोल असताना, सगळं ठीक दिसतं आणि मधल्या पट्ट्यात आकडे वाकडे येतात. कॅप बहुधा वर्ष-दोन वर्षं टिकते. उन्हात उघडी ठेवली तर त्याआधीच संपते.

संपृक्त बिंदूचं कॅलिब्रेशन

सर्वांत भरवशाची आणि सोपी पद्धत म्हणजे पाण्याच्या वाफेने संपृक्त झालेली हवा. कॅलिब्रेशनच्या कपात तळाशी चमचाभर पाणी किंवा ओला स्पंज ठेवायचा. पाणी मेम्ब्रेनला किंवा थर्मिस्टरला टेकता कामा नये. मेम्ब्रेनवरचे थेंब मऊ कागदाने टिपून घ्यायचे. एक थेंब जरी राहिला तरी प्रोब हवेऐवजी त्या थेंबातलं पाणी मोजतो. कप सैल लावायचा, आटे पूर्ण आवळायचे नाहीत. घट्ट बंद कपात आतला दाब बाहेरच्यापेक्षा वेगळा राहतो आणि तेवढीच चूक कॅलिब्रेशनमध्ये शिरते. मग सावलीत १० ते १५ मिनिटं थांबायचं. तापमानाचा आकडा हलायचा थांबला आणि ऑक्सिजनचा आकडा दोन-तीन मिनिटं एका जागी राहिला की कॅलिब्रेशन स्वीकारायचं. गाडीच्या तापलेल्या टपावर किंवा उन्हात कप ठेवून केलेलं कॅलिब्रेशन फेकून द्यावं.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. जागेवरचा दाब ७१२ मिमी, कपातलं तापमान २७ अंश. टक्केवारीचा अपेक्षित आकडा ७१२ भागिले ७६०, म्हणजे ९३.७ टक्के. मिग्रॅ/लिटरसाठी २७ अंशांची संपृक्तता ७.९७ आहे. २७ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब २६.७ मिमी. तो दोन्ही दाबांतून वजा केला की गुणोत्तर ०.९३४५ येतं आणि उत्तर ७.४५ मिग्रॅ/लिटर. वाफेचा दाब न धरता नुसत्या गुणोत्तराने ७.४७ आलं असतं, म्हणजे शेतावर किंवा नदीकाठी तेवढी बारीक दुरुस्ती सोडली तरी चालतं. मीटर स्वतःहून १०० टक्के दाखवत असेल तर गोंधळू नये. काही मीटर स्थानिक दाबाला संपृक्त म्हणजे १०० धरतात, काही समुद्रसपाटीला. आपला मीटर कोणत्या पंथाचा आहे हे पुस्तिकेतून एकदा पाहून मीटरवर चिकटपट्टीने लिहून ठेवावं. दोन मीटरच्या नोंदी शेजारी ठेवल्या की याच कारणाने वाद होतात. काही मेम्ब्रेन मीटर कॅलिब्रेशननंतर हवेत १०२ टक्के दाखवतात, तोही बिघाड नाही. संथ हवा आणि वाहतं पाणी यांतल्या प्रतिसादाचा फरक त्यांनी धरलेला असतो.

दुसरी पद्धत हवेने संपृक्त केलेल्या पाण्याची. बादलीत माशांच्या टाकीचा पंप आणि एअर स्टोन लावून अर्धा ते एक तास हवा सोडायची, मग पंप बंद करून काही मिनिटं पाणी हलकं ढवळायचं. खोल बादलीत बारीक बुडबुड्यांवर पाण्याचा दाब पडून पाणी किंचित अतिसंपृक्त होतं, म्हणून उथळ आणि रुंद भांडं बरं. पाण्याचं तापमान खोलीइतकं असावं. पंप चालू असताना पाणी तापत असेल तर समतोल कधीच होत नाही. ऑप्टिकल सेन्सरना ही पद्धत विशेष मानवते, कारण त्यांच्या थर्मिस्टरला पाण्यात लवकर स्थिरता येते.

शून्याची तपासणी

एका बिंदूचं कॅलिब्रेशन रोज, शून्याची तपासणी दर आठवड्याला आणि प्रत्येक मेम्ब्रेन बदलानंतर. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाईट विरघळवा. हिशेबाने ८ मिग्रॅ ऑक्सिजन काढायला जेमतेम ६३ मिग्रॅ सल्फाईट पुरतं. मग तीनशेपट का घालायचं? कारण उघड्या तोंडातून हवा सतत विरघळत राहते, आणि जुनी पावडर बाटलीतच अर्धी सल्फेट झालेली असते. कोबाल्ट क्लोराईडची चिमूट टाकली तर क्रिया जलद होते, पण ते विषारी आहे. त्याच्याशिवाय तासभर थांबलं तरी काम होतं. द्रावण अरुंद तोंडाच्या बाटलीत काठोकाठ भरून, प्रोब बुडवून, बुडबुडा राहिला नाही याची खात्री करा. ५ ते १० मिनिटांत रीडिंग ०.१ ते ०.२ मिग्रॅ/लिटरच्या खाली गेलं पाहिजे.

ते ०.५ वर अडून बसलं तर कारण बहुधा मेम्ब्रेनमागचा बुडबुडा असतं. त्यात साठलेला ऑक्सिजन बराच वेळ झिरपत राहतो. बुडबुडा नसेल तर मेम्ब्रेनला बारीक छिद्र किंवा कॅथोडवर चांदीचा थर. या तिन्हींचा इलाज वर सांगितल्याप्रमाणे कॅथोड तपासून मेम्ब्रेन बदलणं हाच आहे. मीटरमध्ये शून्य 'सेट' करून हा दोष झाकू नये. तपासणी झाली की प्रोब साध्या पाण्याखाली दोन-तीन मिनिटं धुवायचा. मेम्ब्रेनच्या कडेला राहिलेलं सल्फाईट पुढच्या नमुन्यातला ऑक्सिजन खातं आणि तो आकडा खाली ओढतं.

विंकलर टायट्रेशनशी पडताळणी

मीटर बरोबर आहे की नाही यावर शेवटचा शब्द आजही लायोश विंकलर यांच्या १८८८ सालच्या रासायनिक पद्धतीचा आहे. महिन्यातून एकदा, किंवा दोन मीटर एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा, ती करावी. ३०० मिलीच्या बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) चाचणीच्या बाटलीत नमुना तळापासून, बुडबुडा न होऊ देता भरा. १ मिली मँगनीज सल्फेट आणि १ मिली अल्कली-आयोडाईड-अझाईड पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून सोडा. बुच लावून बाटली उलटी-सुलटी करा. तपकिरी साका बसला की ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर ऑक्सिजन नाही, पुढे जाण्याची गरज नाही. साका अर्ध्या बाटलीपर्यंत खाली बसल्यावर १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तो विरघळवा. त्यातले २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने फिका पिवळा रंग येईपर्यंत टायट्रेट करा, मग स्टार्च घाला आणि निळा रंग पहिल्यांदा जाईपर्यंत थेंब-थेंब सोडा. खर्च झालेलं प्रत्येक १ मिली म्हणजे १ मिग्रॅ/लिटर. २०१ हा आकडा आधी घातलेल्या २ मिली रसायनांनी बाहेर ढकललेल्या नमुन्याची भरपाई करतो. थायोसल्फेटची तीव्रता कालांतराने उतरते, तेव्हा ती त्याच दिवशी तपासलेली असावी, नाहीतर बरोबर मीटरला आपण चुकीचा ठरवू.

प्रत्यक्ष पाण्यात

शक्य तिथे प्रोब पाण्यात सोडून जागेवरच मोजावं. नमुना बादलीतून वर ओढला की त्यात हवा मिसळते, आणि ऑक्सिजन जितका कमी तितकी ही चूक मोठी. मेम्ब्रेनचा प्रोब संथ पाण्यात नुसता टांगला तर त्याच्या तोंडाशी असलेला ऑक्सिजन संपत जातो आणि रीडिंग खाली सरकत राहतं. तो सेकंदाला साधारण ३० सेंमी या वेगाने वर-खाली हलवत राहावं, पृष्ठभाग न फोडता. हलवल्यावर आकडा वर जातो आणि थांबवल्यावर उतरतो, एवढं दिसलं की प्रोबला प्रवाह पुरत नव्हता हे सिद्ध झालं. बीओडी बाटलीत हेच काम ढवळणी करते. ऑप्टिकलला प्रवाह लागत नाही, पण खोलीनुसार मोजताना प्रत्येक थराला तापमान बसायला एक-दोन मिनिटं द्यावीच लागतात. तापमान आणि ऑक्सिजन दोन्ही स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

वेळही लिहून ठेवावी. तळ्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर मासे, शेवाळ आणि गाळ तो वापरत असतात. भर दुपारी शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणाने तो १५० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो. दुपारच्या एका रीडिंगवरून तळं निरोगी ठरवणं धोक्याचं आहे. माशांचा जीव पहाटेच्या आकड्यावर अवलंबून असतो.

सांडपाण्याच्या वायुवीजन टाकीत प्रोब सरळ खाली तोंड करून लावला तर सेन्सरच्या चेहऱ्यावर हवेचे बुडबुडे अडकतात आणि रीडिंग उड्या मारतं. तो सुमारे ४५ अंश तिरपा लावावा, म्हणजे बुडबुडे घसरून जातात. कायम बुडालेल्या सेन्सरवर काही दिवसांतच जिवाणूंची चिकट साय धरते. ती स्वतः ऑक्सिजन वापरते, म्हणून रीडिंग हळूहळू खाली घसरतं आणि नियंत्रक हवा सोडणारा ब्लोअर विनाकारण वाढवत नेतो. उपाय मऊ ब्रश आणि पाणी, किंवा आपोआप फिरणारा वायपर. ऑप्टिकल कॅपवर अल्कोहोल किंवा दुसरं सेंद्रिय द्रावक वापरायचं नाही. संवेदनशील थर उठून येतो. साफसफाईच्या आधी एक रीडिंग आणि नंतर एक, अशी जोडी लिहिली की सायीने किती फरक पडत होता ते कळतं आणि साफसफाई किती दिवसांनी करायची ते त्यावरून ठरतं.

स्वतः सर्किट बांधणाऱ्यांसाठी

गॅल्व्हॅनिक प्रोबचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो. समजा संपृक्त पाण्यात तो ४० मिलिव्होल्ट देतो. ५ व्होल्ट संदर्भाच्या १० बिटी एडीसीची (व्होल्टेजचं अंकांत रूपांतर करणाऱ्या चिपची) एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची. म्हणजे शून्यापासून संपृक्ततेपर्यंत जेमतेम आठ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी सुमारे १ मिग्रॅ/लिटर. असं मीटर बांधून काही हाती लागत नाही. उच्च इनपुट रोधाचा ॲम्प्लिफायर किंवा अंतर्गत प्रवर्धन असलेला १६ बिटी एडीसी घ्यावा, ±०.२५६ व्होल्टच्या पट्ट्यात त्याची पायरी ७.८ मायक्रोव्होल्टवर येते. प्रोबमधला लोड रेझिस्टर बदलू नये, त्याच्यावरच व्होल्टेज ठरलेलं असतं.

गणित असं: संपृक्त पाण्यात, नोंदवलेल्या तापमानाला, आलेलं व्होल्टेज हा आधार. मोजलेलं व्होल्टेज त्याच तापमानाच्या आधार-व्होल्टेजने भागायचं आणि त्या तापमानाच्या संपृक्ततेने गुणायचं. आधार-व्होल्टेज तापमानाबरोबर किती वाढतं हे पुस्तिकेवरून न घेता, १५ आणि ३० अंशांच्या दोन बादल्यांत स्वतः मोजून घ्यावं. त्याच टाकीत पीएच प्रोबही असेल तर दोन्ही सर्किटं विद्युतदृष्ट्या अलग हवीत. समान ग्राउंडमुळे पाण्यातून प्रवाह फिरतो आणि एक प्रोब बुडवला की दुसऱ्याचं रीडिंग उडतं. एकेक प्रोब बाहेर काढून पाहिलं की हे लगेच उघडं पडतं.

दिवसाचं काम संपल्यावर प्रोब धुऊन पुन्हा कपातल्या ओलसर हवेत ठेवायचा आणि काहीही न बदलता आकडा लिहायचा. अपेक्षित मूल्यापासून तो ०.३ मिग्रॅ/लिटरपेक्षा जास्त ढळला असेल तर त्या दिवसाच्या नोंदींवर तसा शेरा मारावा. ही नोंद आठवडे-महिने साठली की द्रावण किंवा कॅप केव्हा बदलायची ते तीच सांगते. रोजच्या वापरातला पोलरोग्राफिक प्रोब ओल्या स्पंजच्या कपात ठेवावा. महिनाभरापेक्षा जास्त ठेवायचा असेल तर द्रावण काढून, इलेक्ट्रोड धुऊन, कोरडा करून ठेवावा. ऑप्टिकल कॅप अंधारात आणि ओलसर ठेवायची. ती कोरडी पडली असेल आणि निर्मात्याने तसं सांगितलं असेल, तर पुन्हा वापरण्याआधी २४ तास पाण्यात भिजवायची आणि नंतर नव्याने कॅलिब्रेशन करायचं.